जखमेच्या हद्दीबाहेर

केलॉइड म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारा वण. एरवी जखम भरली की तिच्या जागी एक रेघ किंवा डाग उरतो आणि वर्षा-दोन वर्षांत तो इतका मऊ, फिकट आणि सपाट होतो की दाखवल्याशिवाय कुणाच्या लक्षात येऊ नये. केलॉइडचे उलट असते. कान टोचल्याच्या छिद्रावर, मुरुमाच्या डागावर किंवा लशीच्या सुईच्या जागी टणक, गुळगुळीत, तांबूस किंवा काळपट उंचवटा येतो. तो आजूबाजूच्या धडधाकट कातडीत शिरतो आणि वर्षानुवर्षे शिरतच राहतो. घरात त्याला ‘कानाला गाठ आली’, ‘टाके फुगले’ असे म्हटले जाते आणि पहिली भीती कर्करोगाची वाटते. ही गाठ कर्करोगाची नसते. ती रक्तावाटे दुसऱ्या अवयवात जात नाही, जीव घेत नाही. मात्र खाजते, ठणकते, कपड्याला घासते, झोप मोडते आणि चेहऱ्याजवळ असली तर माणसाला लोकांत मिसळणे अवघड करते.

तिच्याशी गल्लत होते ती उंचावलेल्या वणाची. भाजल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर काही आठवड्यांतच असा वण फुगतो, पण जखमेच्या रेघेबाहेर जात नाही आणि पुढे हळूहळू बसतो. केलॉइड मात्र कधी कधी जखम भरून महिने उलटल्यावर, क्वचित काही वर्षांनी उगवतो. तो आपणहून बसत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत की एकाच आजाराच्या दोन पायऱ्या, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे, कारण उंचावलेला वण नुसता कापून काढला तरी बहुधा भागते आणि केलॉइड नुसता कापला तर बहुधा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो.

हा विकार नवा नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ग्रंथींच्या प्रकारांमध्ये व्रणग्रंथी सांगितली आहे. जखम नुकती भरली असताना किंवा भरत असताना उठणारी, आग आणि खाज असणारी गाठ असे तिचे वर्णन आहे. त्यातली खाज विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण आजच्या दवाखान्यातही केलॉइडचा रुग्ण आधी खाजेचीच तक्रार सांगतो. युरोपात पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ झाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ साली त्याचे वर्णन केले. आरंभी त्यांनी दिलेले नाव कर्करोगाची आठवण करून देणारे होते. हा कर्करोग नाही असे पटल्यावर त्यांनी ग्रीक भाषेतील खेकड्याच्या नांगीवरून नवे नाव बनवले. गाठीच्या कडेतून निरोगी कातडीत घुसणारे फाटे पाहिले की ही उपमा किती नेमकी होती ते कळते.

केलॉइड वाटेल तिथे होत नाही. छातीच्या मधोमध, खांद्यावर, दंडाच्या वरच्या भागात, पाठीच्या वरच्या बाजूला, जबड्याच्या कडेला आणि कानावर तो जास्त दिसतो. डोक्याची कातडी, पापण्या, तळहात, तळपाय येथे तो जवळजवळ होतच नाही. वयाची दहा ते तीस ही वर्षे त्याची मुख्य वर्षे. गरोदरपणात जुना केलॉइड पुन्हा वाढीला लागलेला दिसतो. भारतात बाळाला जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी लस देतात. लाखो दंडांवर तिचा छोटा खळगा राहतो, आणि काही थोड्या दंडांवर त्याच जागी पुढे केलॉइड उभा राहतो.

कानाची गोष्ट महाराष्ट्राला जवळची आहे. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याने कान टोचण्याचे वयही ठरवून ठेवले होते. बाळ दिवसांत मोजण्याइतके लहान असतानाच पाळी टोचली जाई. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत ३२ जणांची माहिती घेतली होती. अकराव्या वर्षानंतर कान टोचलेल्यांपैकी ८० टक्क्यांना केलॉइड झाला होता, त्याआधी टोचलेल्यांपैकी २३.५ टक्क्यांना. पाहणी लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आता मोठेपणी दुसरे-तिसरे छिद्र पाडून घेण्याची आणि बुगडी किंवा भिकबाळीसाठी कानाची वरची कूर्चा टोचण्याची हौस वाढली आहे. कूर्चेतली जखम पाळीपेक्षा सावकाश भरते आणि चिघळण्याचा संभवही जास्त असतो. घरात कुणाला केलॉइड असेल तर ही हौस आवरलेली बरी.

आत काय घडते हे समजण्यासाठी आधी सरळ भरणारी जखम पाहावी लागते. कातडी फाटली की रक्तातल्या बिंबिका छिद्र बुजवतात आणि त्याच वेळी संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्या हाकेला ओ देऊन पांढऱ्या पेशी येतात, मग भक्षकपेशी येतात, जंतू आणि मेलेल्या ऊती साफ करतात. काही दिवसांनी तंतुपेशी जखमेत सरकतात. कातडीच्या आतल्या थरात पसरलेल्या या लांबट पेशींचे काम कोलॅजन विणण्याचे. त्यांपैकी काहींच्या अंगी स्नायूसारखी आकुंचन पावण्याची ताकद येते आणि त्या जखमेच्या कडा जवळ ओढतात. घाईने विणलेले पहिले कोलॅजन तिसऱ्या प्रकारचे असते. पुढे ते काढून त्या जागी पहिल्या प्रकारचे, जास्त मजबूत कोलॅजन घातले जाते. हे विणणे आणि उसवणे वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालते. शेवटी बहुतेक तंतुपेशी आत्मनाशाचा आतला कार्यक्रम सुरू करून नाहीशा होतात आणि वण शांत होतो. इतके होऊनही भरलेल्या जागेची ताकद मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

उसवणे हा या कामाचा निम्मा भाग आहे, पण तो सहसा विसरला जातो. वण म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. त्यातले कोलॅजन आयुष्यभर थोडे थोडे तुटत आणि नव्याने बनत असते. याचा भयंकर पुरावा इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज ॲन्सन यांच्या १७४० ते १७४४ च्या जगप्रदक्षिणेत मिळाला. स्कर्व्हीने गाठलेल्या एका वृद्ध सैनिकाच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. कोलॅजनच्या धाग्याला पीळ टिकवण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते संपले, नवे कोलॅजन बनेनासे झाले, जुने मात्र ठरल्याप्रमाणे तुटत राहिले. केलॉइडमध्ये हाच तराजू दुसऱ्या बाजूला झुकलेला असतो: विणणे जोरात, उसवणे मागे.

कोलॅजनच्या रेणूची घडण उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये दाखवून दिले की या रेणूत तीन साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, कारण दोरखंडाच्या मध्यभागी दुसरे काही मावतच नाही. तंतुपेशी हा दोरखंड बाहेर सोडते, त्याची टोके कापली जातात, असे अनेक दोरखंड शेजारी शेजारी रचले जातात आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर त्यांना आडवे टाके घालून पक्के करते. निरोगी कातडीत हे जुडगे सैल जाळीसारखे चहूबाजूंना पसरलेले असतात. केलॉइडचा पातळ काप नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वेगळेच चित्र दिसते. जाड, चकचकीत, काचेसारखे गुलाबी पट्टे अस्ताव्यस्त पडलेले असतात. त्यांच्या फटींत तुरळक पेशी असतात आणि केसांची मुळे किंवा घामाच्या ग्रंथी नसतात. वरची बाह्यत्वचा मात्र बहुतेक वेळा साधीच असते. बिघाड खालच्या थरातला. केलॉइडमधील कोलॅजननिर्मिती निरोगी कातडीच्या सुमारे २० पट मोजली गेली आहे.

तंतुपेशीला एवढे विणायला कोण सांगते? सर्वांत मोठा आवाज टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा. त्याची रचना विलक्षण आहे. पेशी ते उघडे सोडत नाही. दुसऱ्या प्रथिनाच्या वेष्टनात बांधून बाहेरच्या जाळ्यात अडकवून ठेवते. वेष्टन सुटेपर्यंत ते मुके असते. ते सुटले की टीजीएफ-बीटा तंतुपेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटते. तो ग्राही शेजारच्या ग्राहीवर फॉस्फेट चढवतो आणि शेजारचा आत असलेल्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या प्रथिनांवर. ही जोडी स्मॅड-४ ला बरोबर घेऊन केंद्रकात शिरते आणि कोलॅजनची जनुके चालू करते. ही साखळी तोडण्याची सोयही पेशीतच आहे. स्मॅड-७ हे प्रथिन ग्राहीलाच अडवते. केलॉइडच्या तंतुपेशींत टीजीएफ-बीटा-१ जास्त आढळते, त्याचे ग्राही जास्त आढळतात आणि स्मॅड-७ कमी आढळते. शिवाय कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना रोखणारी प्रथिनेही वाढलेली असतात. म्हणजे गाडीचा वेग वाढलेला, ब्रेक सैल आणि उताराचा रस्ता, असे तिन्ही एकदम.

इतके कळल्यावर टीजीएफ-बीटाला आवरले की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. तसे झाले नाही. गर्भाच्या पहिल्या सुमारे २४ आठवड्यांत कातडीची जखम वणाशिवाय भरते आणि तिथे टीजीएफ-बीटा-३ हा भाऊबंद जास्त असतो, या निरीक्षणावर मँचेस्टरच्या रेनोव्हो कंपनीने नेहमीच्या वणांसाठी औषध तयार केले. सुरुवातीच्या चाचण्यांनी मोठी आशा दाखवली. २०११ साली शेवटच्या टप्प्यातली चाचणी अपयशी ठरली. जखम भरणे हा अनेक वाद्यांचा मेळ आहे, एकाच वाद्याचा स्वर बदलून चाल बदलत नाही, हे त्या अपयशाने दाखवले. केलॉइडच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे.

दुसरा मोठा घटक म्हणजे ताण, अगदी साध्या अर्थाने, कातडी ओढली जाण्याचा. टोकियोच्या निप्पॉन वैद्यक विद्यालयातील शल्यविशारद रेई ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलॉइडच्या आकारांचा बारकाईने अभ्यास केला. छातीवरचा केलॉइड आडवा वाढतो, कारण हात हलला की छातीचे स्नायू कातडीला आडवे ओढतात. खांद्यावरचा फुलपाखरासारखा पसरतो. वरच्या पापणीची कातडी मिटताना-उघडताना सैलच राहते आणि डोक्याची कातडी खालच्या हाडावर ताठ बसलेली असते. दोन्ही जागा जवळजवळ सुटतात. गाठीतही हा फरक दिसतो. कडा लाल, खाजणारी आणि सरकती. मध्य फिकट, मऊ, कधी बसलेला. सर्वाधिक ताण कडेवर असतो आणि वाढही कडेवर.

पेशीला ओढ कळते कशी, हे रेणूंच्या पातळीवर आता बरेच उलगडले आहे. तंतुपेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी बाहेरच्या जाळ्याला धरून असते. जाळे ताणले की इंटेग्रिनच्या आतल्या टोकाशी असलेले एक विकर, फोकल ॲढेजन कायनेज, जागे होते. पुढे याप आणि ताझ ही दोन प्रथिने केंद्रकात जाऊन वाढीची जनुके चालवतात. टीजीएफ-बीटाचे वेष्टनही याच इंटेग्रिनच्या ओढीने उघडते. त्यामुळे एक दुष्टचक्र सुरू होते. कोलॅजन वाढले की जागा कडक होते, कडक जागेत पेशीला ताण जास्त जाणवतो, आणि ताण जाणवला की ती आणखी कोलॅजन विणते. कानाची पाळी मात्र या हिशेबात नीट बसत नाही, कारण तिथे ओढणारा स्नायू नाही. तिथे कर्णफुलाचे वजन, वारंवार होणारी घासण आणि छिद्रातला जुना दाह यांच्याकडे बोट दाखवले जाते. स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण छातीइतके भक्कम नाही.

तिसरी गोष्ट न विझलेला दाह. केलॉइडच्या आतल्या थरात भक्षकपेशी, टी पेशी आणि मास्ट पेशी ठाण मांडून असतात. इंटरल्युकिन-६ वाढलेले असते. दमा आणि ॲटोपिक त्वचादाह यांमध्ये जी प्रथिने आघाडीवर असतात, ती इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ येथेही सापडतात. मास्ट पेशींतून सुटणारे हिस्टामिन खाजेला कारण होते आणि तंतुपेशींनाही डिवचते. रुग्ण खाजवतो म्हणून गाठ वाढते, असे घरचे लोक त्याला बोल लावतात. खरे तर जी आतली प्रक्रिया गाठ वाढवते तीच खाजही आणते, आणि रात्री झोपेत नखे कुठे जातात यावर कुणाचा ताबा नसतो.

गाठ फुगली की आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो. अशा वेळी जागे होणारे एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन पेशीला साखरेच्या घाईघाईच्या, प्राणवायूविना होणाऱ्या विघटनावर जगायला शिकवते. आत्मनाशाचा आदेशही केलॉइडच्या पेशी नीट पाळत नाहीत. ही लक्षणे कर्करोगाच्या पेशींसारखी आहेत, म्हणूनच अलिबेर यांची पहिली समजूत अगदीच निराधार नव्हती. पण सीमेपलीकडे दुसऱ्या अवयवात जाऊन वसण्याची क्षमता या पेशींत नाही.

एकाच घरातल्या दोघांचे कान एकाच सोनाराने टोचले तरी एकाला केलॉइड होतो आणि दुसऱ्याला नाही. याचे उत्तर अंशतः वंशात आहे. अनेक घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो, पण जनुक असूनही प्रत्येकात उमटत नाही. २००४ साली एका जपानी घराण्यात दुसऱ्या गुणसूत्रावर आणि एका आफ्रिकी-अमेरिकी घराण्यात सातव्या गुणसूत्रावर संशयित जागा सापडल्या. एकाची जागा दुसऱ्यात नाही. २०१० साली जपानच्या बायोबँकेतील नमुन्यांवरून तीन गुणसूत्रांवरच्या चार जागा केलॉइडशी जोडल्या गेल्या. त्यांतले एनईडीडी-४ हे जनुक नंतर चिनी रुग्णांमध्येही पुढे आले. नको असलेल्या प्रथिनांवर मोडीत काढण्याची खूण करणे हे त्याच्या प्रथिनाचे काम. रुबिनस्टाइन-टेबी या दुर्मीळ विकारात एका जनुकातील बिघाडामुळे सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना केलॉइड होतो. गहिऱ्या वर्णाच्या लोकांत प्रमाण जास्त, म्हणून रंगद्रव्यालाच दोषी मानले जाई. टांझानियात वर्णहीन व्यक्तींमध्येही केलॉइड जवळपास तितकाच आढळला, तेव्हा रंग हे कारण नसून वंशातली दुसरी काही गोष्ट रंगाच्या सोबत येते, असे मानणे भाग पडले.

आणखी एक निरीक्षण फार बोलके आहे. केलॉइडमधून काढलेल्या तंतुपेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्या तरी त्या जास्तच कोलॅजन विणतात. तिथे जखम नाही, ताण नाही, भक्षकपेशी नाहीत. म्हणजे सवय पेशीत मुरलेली आहे. डीएनएचा मजकूर न बदलता त्यावर बसणाऱ्या मिथाइल खुणा, डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांतले बदल आणि काही सूक्ष्म आरएनए यांमधून ही सवय टिकते, असे दिसते. २०२१ साली चिनी संशोधकांनी केलॉइडमधील एकेका पेशीचा आरएनए वाचला. तंतुपेशींचा एक विशिष्ट गट, जो एरवी हाडे आणि कूर्चा घडवताना लागणारी जनुके वापरतो, केलॉइडमध्ये फार वाढलेला आढळला.

संशोधनाची सर्वांत मोठी अडचण अशी की हा विकार फक्त माणसाला होतो. घोड्याच्या पायाच्या जखमेत मांस वाढते, लाल ड्युरॉक जातीच्या डुकराला जाड वण येतो, पण खरा केलॉइड कुठल्याच प्राण्यात नाही. उंदरात माणसाचा केलॉइड बसवून पाहतात. तो काही काळ टिकतो, पण पसरत नाही. म्हणून नवे औषध उंदरावर गुणकारी ठरले तरी माणसाबद्दल फारसे सांगता येत नाही.

उपचार या सगळ्या पायऱ्यांवर थोडे थोडे काम करतात. पहिला उपचार ट्रायॲम्सिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन गाठीतच देण्याचा; एका मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम, साधारण दर महिन्याला. हे दृश्य साधे नसते. गाठ इतकी कडक असते की सुईतून द्रव आत जायला तयार नसतो. सुई सुटून उडू नये म्हणून ती फिरवून बसवलेली सिरिंज वापरतात, अंगठ्याने जोर लावावा लागतो आणि द्रव शिरेल तसतशी गाठ पांढरी पडत जाते. वेदना बरीच होते. तीन-चार वेळा टोचल्यावर मात्र तीच गाठ मऊ लागते आणि खाज त्याही आधी जाते. स्टिरॉइड केंद्रकात शिरून दाहाची आणि टीजीएफ-बीटाची जनुके दाबते. जास्त झाले तर कातडी पातळ होते, पांढरा डाग पडतो. फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगावरचे जुने औषध सोबत दिले की दोन्हींचा डोस कमी ठेवता येतो. द्रव नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीने, गाठ गोठवता येते. पण रंगपेशी या थंडीत आधी मरतात, त्यामुळे सावळ्या कातडीवर कायमचा पांढरा चट्टा राहण्याचा धोका असतो. सिलिकॉनची पट्टी दिवसाला १२ तासांहून जास्त, महिनोन्‌महिने लावावी लागते.

नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ४५ ते १०० टक्के केलॉइड परत येतात. कारण उघड आहे: कापणे ही नवी जखम आणि तिच्या कडेला त्याच सवयीच्या पेशी. म्हणून कापल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच त्या जागी मोजका किरणोपचार देतात. नव्याने सरसावणाऱ्या तंतुपेशींना तो वाढूच देत नाही, आणि परत येण्याचे प्रमाण सरासरी पाचात एकापर्यंत उतरते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना हा मार्ग वर्ज्य. कानाच्या गाठीनंतर दाब देणारी चापाची कर्णफुले वापरतात. छातीवर टाके घालताना ताण वरच्या कातडीवर न येता खोलच्या पडद्यावर यावा, अशी शिवण ओगावा यांच्यासारखे शल्यविशारद आवर्जून घालतात. २०१९ साली अमेरिकेत त्वचादाहासाठी डुपिलुमॅब घेणाऱ्या एका रुग्णाचा केलॉइड आक्रसलेला दिसला. हे औषध इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा मार्ग अडवते. नंतरच्या रुग्णांत निकाल संमिश्र आले.

उपचार संपला तरी लक्ष ठेवणे संपत नाही. केलॉइड वर्षा-दोन वर्षांनीही परततो आणि येताना आधी कडेला खाज आणतो, मग लाली, मग बोटाला लागेल न लागेल असा कठीणपणा. याच टप्प्यावर थोडे औषध टोचले तर ते सहज आत शिरते आणि कडा तिथेच थांबवता येते. गाठ पुन्हा डोळ्यांना दिसेपर्यंत वाट पाहिली तर अंगठ्याचा तोच जोर आणि तीच वेदना पुन्हा पहिल्यापासून येते.